कान ठणकतो, पण दुखणे कोठले?

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या एका खेड्यात आमचे जाणे झाले. ज्या घरी उतरलो, त्या घरची बाई डोक्याला फडके गुंडाळून, उजवा कान हाताने दाबून चुलीपुढे बसली होती. वय पन्नाशीचे. विचारपूस करता कळले, की कान ठणकावयास लागून दोन महिने होऊन गेले आहेत. लसूण कढवून तेल घातले, कापडाने शेकले, बाजारच्या दिवशी कान कोरणाऱ्याकडून मळ काढविला. पण उतार म्हणून पडेना. घास गिळताना तर कळ थेट कानात जाई.

तिच्या थोरल्या मुलाबरोबर आम्ही तिला शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दिव्याच्या उजेडात कान नीट तपासला आणि म्हणाले, "मावशी, कानात काही नाही. आता तोंड उघडा बघू."

बाई चिडली. "दुखतोय कान, अन् तोंड कशाला बघतासा?"

पण तिने तोंड उघडले. जिभेच्या कडेला, अगदी मागे, एक लहानसा कठीण व्रण होता. बाई तीस वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्री लावीत होती. पुढे काय झाले ते आम्ही अखेरीस सांगूच. तूर्त प्रश्न असा, की व्रण जिभेला आणि ठणका कानात, हे कसे? ह्याचे उत्तर कानाच्या रचनेत व त्याला मिळालेल्या मज्जातंतूंत आहे. ते उत्तर प्रत्येक घरात ठाऊक असावे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाहेरचा कान

कानाचे तीन भाग मानतात : बाहेरचा, मधला आणि आतला. ही विभागणी इटलीतील शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो मारिया वाल्साल्वा यांनी १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केली, आणि ती आजही चालू आहे.

आपण ज्याला कान म्हणतो आणि शाळेत ज्याला धरून उठाबशा काढतो, तो केवळ बाहेरचा शिंपला होय. त्याच्या आत लवचीक कूर्चा असते, म्हणून तो मुडपला तरी पुन्हा ताठ होतो. खालच्या पाळीत मात्र कूर्चा नसते. तेथे केवळ कातडी व मऊ चरबी. आपल्या वडीलधाऱ्यांनी कुड्यांसाठी पाळी टोचण्याची चाल पाडली ती ह्या दृष्टीने योग्यच म्हटली पाहिजे, कारण पाळीचे भोक लवकर भरून येते. बुगडीचे तसे नाही. ती कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेतून टोचावी लागते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून होते. तेथे पू झाला, की आवरण सुटते, कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो. बुगडी घालू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ती निर्जंतुक सुईने टोचावी, आणि कानाची वरची कड लाल होऊन सुजली तर हळद दाबीत दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे.

शिंपल्यातून आत जाणारी नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, आणि किंचित वाकडी असते. तिचा बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा. तेथेच बारीक केस असतात आणि तेथेच मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा, आणि त्यावरची कातडी इतकी पातळ, की काडीचा नुसता स्पर्शही सोसत नाही.

ह्या मळाची फार बदनामी झाली आहे. वास्तविक तो घाण नव्हे, रखवालदार आहे. तो धूळ अडवितो, पाणी थोपवितो, जंतूंना वाढू देत नाही. शिवाय नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला सावकाश सरकत असते आणि मळाला आपल्याबरोबर घेऊन येते. चावताना, बोलताना जबडा हलतो, त्याचेही ह्या कामी साहाय्य होते. म्हणजे निरोगी कान स्वतःस स्वतःच झाडून काढतो. आपण काडी, पिन किंवा कापसाची कांडी घातली, की दारापर्यंत आलेला केर पुन्हा माजघरात लोटला जातो.

पडदा आणि मागची कोठडी

नळीच्या शेवटी कानाचा पडदा आहे. त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा, रुंदी सुमारे नऊ मिलिमीटर, रंग मोत्यासारखा करडा. चर्चची घंटा वाजते तेव्हा हवेत उठलेल्या लहरी ह्या पडद्यावर येऊन आदळतात आणि तो थरथरतो.

पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी कोठडी आहे. हाच मधला कान. तेथे एकमेकांस जोडलेली तीन हाडे असतात. त्यांच्या आकारांवरून त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब हे सबंध शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याची लांबी तीन मिलिमीटरच्या आसपास. हातोडा पडद्याला चिकटलेला, आणि रिकिबीचा तळ आतल्या कानाच्या खिडकीत बसविलेला.

ही तीन हाडे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. नदीत बुडी मारली असता काठावरची हाक नीट ऐकू येत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. हवेतला आवाज पाण्यात शिरावयास तयार नसतो. बहुतेक सर्व परत फिरतो. आतला कान द्रवाने भरलेला आहे, तेव्हा तेथेही तीच अडचण. परंतु पडद्याचे क्षेत्र रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठे आहे. मोठ्या पडद्यावरचा जोर लहानशा तळावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते, आणि दाब सुमारे वीस पटींहून अधिक होऊन आवाज द्रवात शिरतो.

ह्या कोठडीतून एक नळी नाकाच्या मागे घशात उतरते. सोळाव्या शतकात रोम येथे शरीररचनाशास्त्र शिकविणारे बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते व कोठडीतली हवा बदलते. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जाताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळताच ते सुटतात, त्याचे कारण हेच.

लहान मुलांत ही नळी आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली, की घशातले जंतू सहज कानात पोहोचतात. तान्ह्याला उताणे निजवून बाटलीने दूध पाजणे त्यामुळेच हिताचे नाही. डोके वर उचलून पाजावे. रात्री मूल किंचाळून उठते, कान ओढते, पहाटे उशीवर पू दिसतो आणि मूल शांत निजते. आपण म्हणतो, कान फुटला. खरे म्हणजे पडदा फाटून कोंडलेला पू बाहेर आलेला असतो. पुष्कळ वेळा पडदा पुन्हा सांधतो. पण कान वाहतच राहिला, विशेषतः त्यास घाण वास येऊ लागला, तर आत हाड कुजत असण्याची शक्यता असते. त्या कोठडीचे छत म्हणजे पातळसे हाड, आणि त्यावर मेंदू. एवढे लक्षात ठेवले, म्हणजे "लहानपणी कान वाहतातच" असे कोणी म्हणणार नाही.

येथेच एक गोष्ट आईबापांस व शिक्षकांस नम्रपणे सांगावीशी वाटते. कानशिलात मारलेल्या चपराकीने नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. रागाचा क्षण निघून जातो. मुलाचा कान मात्र अधू होतो.

ऐकणारा मज्जातंतू

आतला कान शरीरातील अत्यंत कठीण अशा हाडात दडलेला आहे. त्याचा एक भाग गोगलगायीच्या शंखासारखा सुमारे पावणेतीन वेढ्यांचा. ह्या शंखात एक लांबट पडदी पसरलेली असून तिच्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा आहेत. इटलीचे आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ साली त्यांचे वर्णन केले. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार, एवढीच ही संपत्ती. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर टिपले जातात, टोकाशी खर्ज. कोणता स्वर कोठे उमटतो, आणि त्याची लाट शंखातून कशी धावते, हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शंखाच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या आहेत. त्या ऐकत नाहीत. त्या शरीराचा तोल सांभाळतात. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन फिरते ती ह्यांच्यामुळे.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील आठवी जोडी ह्या आतल्या कानाची. तिची एक शाखा आवाज नेते, दुसरी तोलाची वार्ता नेते. शंखातून निघणारे सुमारे तीस हजार तंतू घंटेचा नाद मेंदूकडे पोहोचवितात, आणि तेव्हा कोठे आपण "घंटा झाली" असे म्हणतो.

आता एक मोठी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. हा आठवा मज्जातंतू ऐकतो, पण दुखत नाही. वेदना नेण्याचे काम त्याच्याकडे नाही. म्हणून लग्नाच्या मांडवात कानाशी लावलेल्या लाउडस्पीकरने किंवा फटाक्यांनी केसपेशी मरतात, तेव्हा कान ठणकत नाही. फार तर काही तास गुणगुणतो. माणसाच्या ह्या पेशी एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. म्हातारपणी प्रथम उंच स्वरांच्या पेशी जातात. आजोबांना आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. त्यांच्या कानाशी ओरडू नये. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

जन्मतः बहिऱ्या मुलाचेही तसेच. त्याला काहीच दुखत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. आज जन्मल्यापासून महिन्याच्या आत मुलाची श्रवणचाचणी करता येते, आणि दोष आढळल्यास सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावे असे तज्ज्ञ सांगतात. कारण जो ऐकत नाही तो बोलावयास शिकत नाही. १९५७ साली पॅरिस येथे आंद्रे ज्यूर्नो व शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या मज्जातंतूलाच विजेचे सूक्ष्म झटके देऊन त्याला नादाची जाणीव करून दिली. आज शंखात तार बसविण्याची जी शस्त्रक्रिया होते, तिची वाट तेथून सुरू झाली.

दुखणारे मज्जातंतू

मग कान ठणकतो तो कोणामुळे? त्यासाठी वेगळे मज्जातंतू आहेत, आणि ते एकाच घराण्याचे नाहीत. तळहाताएवढ्याही नसलेल्या ह्या अवयवावर निरनिराळ्या ठिकाणचे पहारेकरी उभे आहेत.

शिंपल्याचा पुढचा भाग व नळीची पुढची भिंत मेंदूच्या पाचव्या जोडीच्या एका शाखेकडे आहे. हीच शाखा खालच्या जबड्याकडे, दातांकडे व जिभेच्या पुढच्या मोठ्या भागाकडेही जाते. शिंपल्याच्या खोलगटात थोडीशी जागा सातव्या जोडीची. ही चेहरा हलविणारी जोडी होय. मधल्या कानाची कोठडी व पडद्याची आतली बाजू नवव्या जोडीकडे. तीच टॉन्सिल, घसा व जिभेचे मूळ सांभाळते. नळीची मागची भिंत दहाव्या जोडीच्या शाखेकडे. ह्या जोडीच्या लॅटिन नावाचा अर्थच "भटका" असा आहे, आणि ते नाव सार्थ आहे, कारण ती स्वरयंत्र, हृदय, पोट अशी सर्वत्र हिंडते. कान कोरताना काही जणांना एकदम खोकला येतो तो ह्या भटक्यामुळे. पाळी व शिंपल्याची मागची बाजू मानेतून वर आलेल्या मज्जातंतूंकडे आहे.

आता गावाचे उदाहरण घ्या. दोन वाड्यांची माणसे एकाच पायवाटेने गावात येतात. अंधारात कोणी धावत आला, तर वेशीवर बसलेल्याला तो कोणत्या वाडीचा हे सांगता येत नाही. नेहमीच्या ओळखीच्या वाडीचे नाव तो घेतो. मेंदूचे असेच होते. दाढ किडली, तरी पाचव्या जोडीच्या वाटेने आलेली कळ त्याला कानाची वाटते. टॉन्सिल काढलेले मूल घशापेक्षा कानाची तक्रार अधिक करते, ती नवव्या जोडीमुळे. स्वरयंत्राच्या आसपासचे दुखणे दहाव्या जोडीने कानात येते, आणि मानेच्या मणक्यांचे मानेतल्या तंतूंनी.

कानाच्या कोठडीतून आणखी दोन वाटा जातात. सातवी जोडी पातळशा हाडाच्या नळीतून तेथून पुढे चेहऱ्याकडे जाते. म्हणून जुनाट वाहणाऱ्या कानाच्या माणसाचे तोंड एकाएकी वाकडे होऊ शकते. तिचीच एक बारीक शाखा हातोडा व ऐरण यांच्यामधून जाऊन जिभेच्या पुढच्या भागाची चव नेते. म्हणून कानाच्या रोगात जेवण बेचव लागल्यास नवल नाही. कानावर पाण्याचे फोड उठले आणि त्याबरोबर तोंड वाकडे झाले, तर तो वारा लागल्याचा प्रकार समजू नये. ह्या रोगाचे वर्णन अमेरिकेतील डॉक्टर जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ साली केले आहे, आणि त्यात उपचार जितका लवकर तितका गुण अधिक.

घरी काय करावे

इतके जाणून घेतल्यावर वागणूक कशी ठेवावी हे निराळे सांगणे नको. तरी थोडक्यात सांगतो. ठणकणाऱ्या कानात तेल, लसणाचा रस, दूध असे काहीही घालू नये. पडदा फाटलेला असेल तर ते थेट कोठडीत उतरते, आणि दुखणे दातात किंवा घशात असेल तर त्याचा उपयोगच नाही. मुलाचा कान रात्री दुखला, तर वेदना कमी करणारे नेहमीचे औषध वयाच्या मानाने द्यावे व सकाळी डॉक्टरांना दाखवावे. वाहणारा कान कोरडा ठेवावा. त्या मुलाला विहिरीत वा नदीत पोहावयास पाठवू नये. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी निघावे, कारण अशा वेळी पहिले काही दिवसच मोलाचे असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे. मोठ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर तोंड, जीभ व घसा तपासून घेतल्याशिवाय स्वस्थ राहू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडी यांची सवय असेल, तर मुळीच नाही. न भरणारा व्रण, गिळताना त्रास, बसलेला आवाज, मानेत गाठ, ह्यांपैकी काही जोडीला असेल तर एक दिवसही दवडू नये. आपल्या घरांतील बायकांना ही गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. मिश्रीला त्या व्यसन समजत नाहीत. दात घासण्याची पूड समजतात. आणि स्वतःचे दुखणे चुलीपुढे बसून सोसण्याची त्यांना सवय असते.

त्या बाईचे पुढे काय झाले? व्रणाचा तुकडा तपासला असता तो कर्करोगच ठरला. पण तो अजून लहान होता, मानेत पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचार झाले. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. बोलणे थोडे जड झाले आहे, तिखट सोसत नाही. पण शेताच्या बांधावरून सुनेला मारलेली हाक आम्हांस दुरून ऐकू आली. मिश्रीची डबी तिने चुलीत टाकली. शेजारणीचा कान दुखू लागला, की ती तिला आधी तोंड उघडावयास सांगते म्हणे.

आपल्या भाषेत, ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याला "कानात तेल घालून बसला" असे म्हणतात. त्या बाईच्या घरी दोन महिने खरोखरच हेच चालले होते. कान हाका मारीत होता, आणि घरची माणसे त्यात तेल घालीत होती. आमच्या वाचकांच्या घरी तसे न होवो.